पित्त पडलं

संक्रांतीच्या संध्याकाळी आत्याला उलटी झाली. हिरवट पिवळी, भरपूर. तिने चूळ भरली, पदराने तोंड टिपलं आणि भिंतीला टेकून म्हणाली, "पित्त पडलं गं. आता बरं वाटेल."

आणि खरंच तिला बरं वाटलं. रात्री तिने पेज घेतली, सकाळी उठून देवपूजा केली, शेजारणीने मेळ्यातून आणलेल्या गजकचा तुकडाही तोंडात टाकला. आम्ही सगळा दोष गुळाच्या पोळीवर घालून मोकळे झालो. एकोणऐंशीव्या वर्षी दोन गुळपोळ्या, वर साजूक तूप, मग पित्त होणारच, असं मीच पुण्याला दादाला फोनवर सांगितलं.

"पित्त पडलं" हे मी जन्मापासून ऐकत आले आहे. डोकं दुखत होतं, पित्त पडलं, उतरलं. गाडीत मळमळत होतं, पित्त पडलं, मोकळं झालं. आतलं वाईट बाहेर गेलं, सुटका झाली, एवढाच त्याचा अर्थ. ते पित्त वर का येतंय, खाली का जात नाही, हा प्रश्न त्या दोन शब्दांत कुठेच नाही. पुढच्या चार दिवसांत आत्या जाता जाता राहिली. त्याची सुरुवात मला या दोन शब्दांत दिसते, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजच्या एका जुन्या वाड्यात. बाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि दोन्हींचे शब्द ये-जा करत असतात. आत्याने याच वाड्याच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. महाराज बाड्यापासून जयेंद्रगंजपर्यंतच्या निम्म्या बायका तिच्याकडे ब्लाउज बेतायला शिकल्या असतील. हात अजून स्थिर. सुईत दोरा स्वतः ओवते.

तर सहा वर्षांपूर्वी तिच्या सोनोग्राफीत पित्ताशयात एक मोठा खडा दिसला होता. तीन सेंटिमीटर. डॉक्टरांनी पिशवी काढून टाकायला सांगितलं होतं. आत्याला काही त्रास नव्हता. घरी आल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द झाला, पथरी. आमच्या इथे मूतखडाही पथरी आणि पित्ताशयातला खडाही पथरीच. आणि पथरीवर प्रत्येकाच्या घरात उपाय असतो. कुळथाचं पाणी, पाषाणभेद, जवाचं पाणी, अमक्याची पुडी. मूतखडा लघवीच्या वाटेवर असतो, लहान असेल तर भरपूर पाणी प्यायल्याने तो वाहून जाऊ शकतो. पित्ताशय त्या वाटेवर नाहीच. ती यकृताखाली चिकटलेली पिशवी, तिच्यातला सुपारीएवढा खडा कुळथाच्या पाण्याने ना विरघळतो ना वाहून जातो. पण शब्द एक असला की औषधही एकच वाटतं. आत्याने सहा वर्षं रोज सकाळी कुळीथ भिजवलेलं पाणी प्यायलं, निष्ठेने.

उत्तर हिंदुस्थानात पित्ताचे खडे दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त, गंगेच्या खोऱ्यात तर फारच. आमच्या गल्लीत पिशवी काढलेल्या बायका बोटांवर मोजता येणार नाहीत. कार्ल लांगेनबूख यांनी बर्लिनला पहिल्यांदा पित्ताशय काढलं ते १८८२ साली. आपल्याकडे दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया मुंबईत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये सुरू केली, आणि आता बहुतेकजणी दोन-तीन दिवसांत घरी येतात. शांत बसलेला प्रत्येक खडा काढायलाच हवा असं नाही, हेही खरं. पण तीन सेंटिमीटरचा खडा शांत असला तरी डॉक्टर सहसा काढायलाच सांगतात. आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.

मग गेल्या श्रावणात आत्याच्या उजव्या बरगडीखाली जोरात दुखायला लागलं, ताप आला. चार दिवस ती कण्हत होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली, पाचव्या दिवशी ताप उतरला आणि दुखणं एकदम थांबलं. इतकं थांबलं की पुन्हा उजवीकडे कळ म्हणून आली नाही. खडा विरघळला असं आत्या सगळ्यांना सांगत सुटली. मलाही ते खरं वाटलं, कारण खरं वाटायला हवं होतं.

त्या चार दिवसांत काय झालं होतं ते मला पाच महिन्यांनी कळलं. सुजलेलं पित्ताशय शेजारच्या आतड्याला, जठरातून अन्न जिथे प्रथम उतरतं त्या ड्युओडेनमला, चिकटलं. खड्याच्या दाबाने दोन्ही भिंती झिजल्या आणि मध्ये भोक पडलं. ज्या दिवशी दुखणं थांबलं, त्याच सुमारास पिशवीवरचा ताण मोकळा झाला असणार. खडा मग कधीतरी त्या भोकातून आतड्यात उतरला आणि तिथून पुढे त्याचा प्रवास सुरू झाला.

संक्रांतीनंतरचा पहिला दिवस बरा गेला. सोळाला दुपारी पुन्हा उलटी. पोट फुगलं. कळ यायची, आत्या मुठी आवळायची, कळ जायची, मग दोन-तीन तास काहीच नाही. प्रत्येक वेळी कळ गेली की आम्ही म्हणायचो, सुटलं. सर्जननी नंतर सांगितलं की हे या आजाराचं नेहमीचं वागणं आहे. खडा अडकतो, सैल होतो, थोडा पुढे जातो, पुन्हा अडकतो. जो सुटल्याचा क्षण आम्हाला वाटायचा तो फक्त जागा बदलल्याचा क्षण होता.

सतराला तिला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. इंजेक्शन, एक्स-रे, एनिमा. एनिमानंतर शौचाला झालं आणि "पेट साफ हो गया, गैस थी, घर ले जाइए" असं सांगून सोडलं. अडथळ्याच्या खालच्या आतड्यात आधीचं जे उरलेलं असतं ते एनिमाने निघून येतं. त्याने वरची वाट उघडली असं होत नाही. हे त्यांना माहीत असायला हवं होतं. तो एक्स-रे माझ्याकडे अजून आहे. खिडकीच्या उजेडात धरला की यकृताच्या जागी एक बारीक काळी रेघ दिसते, फांदीसारखी दुभंगलेली. ती हवा होती. पित्ताच्या नळ्यांत हवा असायचं, कधी त्या भागात हातच घातलेला नसताना, एरवी सहसा काही कारण नाही. आतड्यातली हवा भोकातून उलटी वर गेली होती. ती रेघ सतराच्या दुपारी तिथे होती आणि आत्या सतराच्या संध्याकाळी घरी होती. मला याचा राग अजून आहे.

अठराच्या पहाटे झालेली उलटी तपकिरी होती आणि तिला विष्ठेचा वास होता. आत्या काही म्हणाली नाही. मीही नाही. आता कुठलाच जुना शब्द उपयोगाचा नव्हता.

मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर आधी नाकातून पोटात नळी घातली. अर्ध्या तासात पिशवीत सव्वा लिटर जमा झालं. पोटॅशियम घसरलेलं, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी दमलेली, जीभ लाकडासारखी कोरडी. दुपारी सीटी स्कॅन झालं आणि सर्जननी मला पडद्यासमोर बोलावलं. चाळिशीचा माणूस, आवाज हळू. त्यांनी पेनाच्या टोकाने तीन गोष्टी दाखवल्या. पाण्याने फुगलेली लहान आतड्याची वेटोळी. यकृतातली हवा. आणि खाली उजवीकडे, आतड्याच्या आत, एक पांढरट कड असलेलं वर्तुळ. "दीदी, ये पथरी है. पित्त की थैली में नहीं है, आँत में है."

आतडी तुंबलेली, पित्ताच्या नळ्यांत हवा आणि भलत्या जागी खडा, ही तीन चिन्हं अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर यांनी १९४१ मध्ये एकत्र मांडली. साध्या एक्स-रेत तिन्ही एका वेळी क्वचितच सापडतात, कारण बहुतेक पित्तखडे एक्स-रेत उमटतच नाहीत. सीटीत ती बहुतेकदा दिसतात. त्या रात्री बाकावर बसून मी फोनवर जे मिळेल ते वाचत होते. आजार जुना आहे. डेन्मार्कच्या बार्थोलिननी १६५४ मध्येच अशी नोंद केली होती. स्वित्झर्लंडचे सर्जन कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये १३१ रुग्णांची हकिकत एकत्र केली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ४४ टक्के होतं. आजार फार दुर्मीळ, लहान आतड्याच्या अडथळ्यांत शंभरात एक ते चार, पण म्हाताऱ्या माणसांत, त्यातही बायकांत, जास्त. आणि एका वाक्यात, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी, हेच लिहिलेलं: निदानाला उशीर होतो.

खरी ओढाताण शस्त्रक्रियेच्या आधी झाली. सर्जन म्हणाले, मी पोट उघडून आतड्यातून खडा काढीन. पित्ताशयाला आणि त्या भोकाला हात लावणार नाही.

मी दादाला फोन केला. तो भडकला. "म्हणजे अर्धवट ऑपरेशन? पोट उघडलंच आहे तर मूळ का ठेवायचं? उद्या दुसरा खडा उतरला तर पुन्हा फाडणार का तिला?" मला त्याचं पटत होतं. आपल्याकडे मूळ ठेवणं म्हणजे काम बुडवणं. त्यात आमच्या भागात पित्ताशयाचा कर्करोगही जास्त आढळतो, त्याची भीती मला वेगळीच. मी परत जाऊन सर्जनना जवळपास दादाच्याच शब्दांत विचारलं.

त्यांनी चिडचिड केली नाही. व्हरांड्यात उभं राहून दहा मिनिटं समजावलं. दोन्ही अवयव पाच महिन्यांपासून एकमेकांना चिकटून बसलेत, मध्ये सूज आहे. ते वेगळे करायला दोन-तीन तास जास्त लागतील. वेगळे करताना ड्युओडेनमला मोठं छिद्र राहील, आणि तिथून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहतो, तो पोटात झिरपला तर एकोणऐंशीव्या वर्षी, किडनी दमलेली असताना, ही बाई ते सोसणार नाही. आज तिचा जीव आतड्यातल्या खड्याने धोक्यात आहे, पिशवीने नाही. मग ते १९९४ च्या एका मोठ्या आढाव्याबद्दल बोलले. १००१ रुग्ण. नुसता खडा काढलेल्यांत मृत्यू ११.७ टक्के, सगळं एकदम केलेल्यांत १६.९ टक्के. नुसता खडा काढलेल्यांपैकी शंभरात पाचेकांना पुन्हा खडा अडकला. त्यानंतरच्या वर्षांत हे आकडे उतरलेत, पण वाद अजून मिटलेला नाही, असंही त्यांनीच सांगितलं. धडधाकट माणूस असता तर मी कदाचित सगळं एकदम केलं असतं, म्हणाले.

मी सही केली. दादाला न विचारता केली. तो माझ्यापेक्षा मोठा आहे आणि असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

रात्री साडेदहाला आत नेलं, सव्वाबाराला बाहेर आणलं. सर्जन टोपी काढत आले, हातात प्लास्टिकची लहान बाटली. मला वाटलं होतं एक खडा असेल. आत दोन होते.

मोठा तीन सेंटिमीटरला थोडा जास्तच, गडद तपकिरी, खडबडीत, साल काढलेल्या जायफळासारखा. पण एका बाजूला तो गुळगुळीत, सपाट होता, पाट्यावर घासून काढावा तसा. सर्जननी बाटली दिव्याखाली धरून ती बाजू मला दाखवली. हा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, मोठं आतडं सुरू होण्याच्या दीड-दोन फूट आधी, रुतून बसला होता. लहान आतडं तिकडेच सगळ्यात अरुंद असतं. वरचं आतडं फुगून जांभळट झालेलं, खालचं चपटं, रिकामं. त्यांनी खडा हलकेच मागे सरकवला, जिथे आतड्याची भिंत निरोगी होती तिथवर, आणि तिथे चीर देऊन काढला. हातात आल्यावर त्यांना ती सपाट बाजू दिसली. पित्ताशयात खडा एकटा असेल तर गोल राहतो. शेजारी दुसरा असेल तर दोन्ही एकमेकांवर घासून सपाट होतात. म्हणजे याला जोडीदार होता. सोनोग्राफीत तो कधी दिसला नव्हता, कारण मोठ्या खड्याची सावली त्याच्यावर पडत असणार.

मग त्यांनी आतडं खालून वर, हातभर हातभर, बोटांतून चाचपत नेलं. लहान आतडं काही मीटर लांब असतं. बरंच वर, जेजुनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात, बोटांना दुसरा लागला. दोन सेंटिमीटरचा, एक बाजू तशीच सपाट. तो त्यांनी हळूहळू खाली ढकलत आणला आणि त्याच चिरेतून बाहेर काढला. दुसरी चीर दिलीच नाही.

मी ती बाटली धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. दादाला ज्या दुसऱ्या खड्याची भीती होती तो खरोखरच होता. पण तो पिशवीत नव्हता, आतड्यात उतरलेला होता. पिशवी काढायच्या नादात तीन तास तिथेच घालवले असते आणि आतडं चाचपलं नसतं, तर तो राहून गेला असता. अर्धवट म्हणून आम्ही ज्याला नाव ठेवलं, त्या शस्त्रक्रियेत एक माणूस मीटरच्या मीटर आतडं बोटांनी वाचत होता.

पुढचे दिवस लांबलचक गेले. छातीत कफ झाला, जखमेच्या खालच्या टोकाला पू झाला, दोन टाके काढावे लागले. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न: "माताजी, गैस पास हुई?" आत्याला पहिले दोन दिवस भारी संकोच वाटला. चाळीस वर्षं बायकांना शिस्त लावलेली बाई, परक्या पुरुषाला हे कसं सांगणार. चौथ्या दिवशी पहाटे तिने मला खांद्याला हलवून उठवलं आणि कानात सांगितलं. मी रडले. नर्सही हसली आणि तिने वहीत वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं.

अकराव्या दिवशी घरी आलो. दादा पुण्याहून आला होता, गाडीतून तिला त्यानेच उचलून वाड्यात आणलं. सहीबद्दल तो काही बोलला नाही. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली. पित्ताशय आकसून लहान झालेलं, आत खडा नाही. वाट मोकळी असेल आणि आत खडे उरले नसतील, तर असं भोक पुष्कळदा आपलं आपण मिटतं. सर्जन म्हणाले, आता काही करायचं नाही, नजर ठेवू. दर सहा महिन्यांनी तपासणी आहे, ती मी चुकवणार नाही. कुळथाचं पाणी बंद झालं. कुळथाची पिठी मात्र तिला आवडते, ती अजून होते.

एक गोष्ट तिला शस्त्रक्रियेबद्दल सारखी विचारायची होती. शिवलं कसं? पहिल्या तपासणीला तिने सर्जनना थेट विचारलं, तिच्या हिंदीत. ते क्षणभर बघत राहिले, मग कागदावर नळी काढून दाखवली. "लंबाई में काटा, चौड़ाई में सिला." दोरा कुठला? विरघळणारा. टाका कसला? त्यांनी तोही काढून दाखवला. घरी येईपर्यंत आत्या रिक्षात गप्प होती.

दुपारी जेवण झाल्यावर तिने कपाटातून कातरणाचं बोचकं काढायला लावलं. जुनं मांजरपाट. त्याच्या दोन सारख्या नळ्या तिने मशीनवर मारल्या, मोठा खडा जेमतेम जाईल एवढ्या. पहिल्या नळीला मध्ये उभी चीर दिली आणि उभीच शिवून टाकली. दुसरीला तशीच उभी चीर दिली, पण मग चिरेचं वरचं आणि खालचं टोक एकमेकांकडे ओढून आणलं, चीर आडवी पसरली, आणि ती आडवी शिवली. हाताने, बारीक टाक्यांनी, चष्मा कपाळावर सारून.

"बाटली आण," म्हणाली.

मी आणली. तिने मोठा खडा तळहातावर ओतून घेतला, एकदा सपाट बाजूवरून अंगठा फिरवला, आणि पहिल्या नळीत सोडला. तो शिवणीपाशी येऊन अडला. तिने तो वरून दाबून परत काढला आणि दुसरीत सोडला.

"लांबी थोडी जाते," ती म्हणाली, "पण बघ." आणि खाली धरलेल्या हातात तो पडला.